ताल-सवाल : ताटावरच्या बोटांपासून मानधनाच्या पाकिटापर्यंत

(तबला, ढोलकी, पखवाज आणि ऑक्टोपॅडविषयी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी ही निवडक. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलं, म्हणून सगळ्यांचीच फक्त गावं दिली आहेत. उत्तरं वाजवणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि वाद्यं मढवणाऱ्या मंडळींनी मिळून लिहिली आहेत.)

मना पोऱ्या आठ वरीसना शे. दिनभर ताट, डबा, पलंग, जे सापडी ते वाजाडस. शाळेतल्या बाई म्हणतात तबल्याला घाला, त्याचे मामा म्हणतात ड्रमसेट घेऊन देतो. काय करावं?
— एक आई, एरंडोल

ताई, वय अगदी बरोबर आहे. डबा वाजवणं ही हौस झाली, लय आहे की नाही हे मात्र घरीच पाहता येतं. त्याला केरवा हा आठ मात्रांचा ताल तोंडानं म्हणायला लावा : धा गे ना ती, ना के धि ना. पहिल्या मात्रेला टाळी, पाचव्या मात्रेला हात उघडा. अशी वीस आवर्तनं. वेग वाढत जाईल, तो सगळ्याच मुलांचा वाढतो, त्याचं काही वाटून घेऊ नका. तुम्ही हळू टाळ्या देऊन त्याला मूळ लयीवर आणलं आणि तो तिथे टिकला, तर पोरगा शिकण्यासारखा आहे.

मामांचा ड्रमसेट दोन-चार वर्षं थांबू दे. पायाचं पेडल नीट दाबायला उंची लागते, आवाजानं शेजारी हैराण होतात आणि तालुक्याच्या गावी शिकवणारा मिळणं कठीण. शिवाय तबल्यावरून ड्रमवर गेलेला मुलगा लवकर रुळतो, उलट प्रवासाला फार वेळ लागतो. तबल्यात प्रत्येक आघाताला बोल आहे, त्यामुळे वाजवण्याआधी म्हणता येतं, आणि जे म्हणता येतं ते हातात येतं.

तबला घेताना तोंड पाच ते सव्वापाच इंचाचं बघा. यात्रेत मिळणारी खेळण्यातली जोडी नको, तिच्यावर हात बिघडतो. दुकानात चार गोष्टी तपासा. गट्टे, म्हणजे वादीखाली (ताणाच्या कातडी पट्टीखाली) अडकवलेले लाकडी ठोकळे, वरच्या बाजूला असावेत, कारण ते खाली ठोकत नेले की स्वर चढतो. नव्या तबल्याचेच गट्टे तळाशी पोचले असतील तर पुढे ताणायला जागाच नाही. गजऱ्याच्या, म्हणजे कडेच्या कातडी वेणीच्या, सोळाही घरांशेजारी किनारीवर बोट मारून पाहा, आवाज सारखा आला पाहिजे. लाकूड बुडाशी जड असावं. डग्ग्यावर, म्हणजे डाव्या हाताच्या वाद्यावर, मनगट दाबून पुढे सरकवलं की आवाज गोल वळला पाहिजे, पत्र्यासारखा खणखणला तर ठेवून द्या. रियाझ जमिनीवर चटई टाकून, वीस-वीस मिनिटं सकाळ-संध्याकाळ. पलंगावर बसवू नका, बैठक मोडते.

सहा वर्षं भजनी मंडळात वाजवतो. आता क्लास लावला तर गुरुजी म्हणतात, हात चुकीचा बसलाय, मोडून नव्याने बसवावा लागेल. सप्ताहात तर लोक वाहवा करतात. मग चूक कसली?
— वय १७, पारोळा

भाऊ, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पंचवीस टाळकऱ्यांत ऐकू जायचं तर हात जोरातच पडतो. त्यातून तीन सवयी लागतात. ‘ना’ वाजवताना अख्खा पंजा आपटतो, डग्ग्यावर तळवा पालथा पडतो, आणि ‘तिरकिट’ ताठ बोटांनी येतं. मध्यलयीपर्यंत हे खपतं. पुढे बोटं अडकतात, कारण ताठ बोटाला उसळी नसते.

दुरुस्ती अशी. उजव्या हाताची अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला हलकी टेकलेली राहिली पाहिजे, आणि तर्जनीनं फक्त किनारीवर आघात करून लगेच उठायचं. अनामिका उचलली की ‘ना’ बोथट होतो, दाबली की मरतो. डाव्या हाताच्या मनगटाची टाच शाईच्या मागे मैदानावर, म्हणजे शाईबाहेरच्या मोकळ्या कातड्यावर, आणि ‘घे’ पुढच्या बोटांच्या टोकांनी. मोबाइल बाजूला ठेवून कोपरापासून बोटांपर्यंतचं चित्रीकरण करा. समोरून काढलेल्या चित्रीकरणात यातलं काही दिसत नाही.

धाति टधा तिट धाधा तिट धागे तिना किना. हा एकच कायदा (ठरलेली बोलरचना) मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत घ्या. पाच मिनिटं एकही बोल न पुसता वाजला तरच ६४ वर जा. हात बदलायला तीन ते सहा महिने लागतात. त्यातले पहिले दोन महिने सप्ताहात तबल्याला बसू नका, टाळ घ्या. सकाळी नवा हात आणि रात्री जुना असं चाललं तर वर्षभरात दोन्हींपैकी एकही धड उरत नाही. मंडळातले नाना-तात्या रुसतील, रुसू द्या.

मे महिन्यात तबला आपोआप चढतो, कूलर लावला की उतरतो. गेल्या उन्हाळ्यात पुडी किनारीजवळ फाटली. दर वर्षी नवी पुडी घालणं परवडत नाही.
— भुसावळ

आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि हवा कोरडी ठण्ण असते. पुडी म्हणजे तोंडावर मढवलेलं बकरीचं कातडं. कातडं वाळलं की आक्रसतं, ताण वाढतो, स्वर चढतो. पावसाळ्यात किंवा कूलरच्या ओल्या झोतात तेच कातडं पाणी धरतं, सैल होतं, स्वर उतरतो. खरं नुकसान या दोन टोकांमधल्या फेऱ्यांनी होतं. कूलरसमोर उतरलेला तबला तुम्ही ठोकून चढवता, मग कूलर बंद होतो, कातडं वाळतं, आणि आधीच ताणलेल्या पुडीवर आणखी ताण येतो. ती गजऱ्यालगत फाटते, कारण सगळ्यात जास्त ओढ तिथेच असते.

म्हणून कूलर असलेल्या खोलीत तबला झोताच्या रेषेत ठेवू नका. रियाझाआधी अर्धा तास खोळ काढून त्याच खोलीत राहू द्या, हवेशी जुळला की मगच स्वर लावा. उन्हाळ्यात वाजवून झालं की दोन-चार गट्टे थोडे वर सरकवून ताण सोडा. मोटारीच्या डिकीत तबला दुपारभर ठेवणं म्हणजे पुडीचे पैसे मोजून ठेवणंच.

स्वर लावण्याचा क्रम बहुतेक जण उलटा करतात. आधी गट्टे, मग गजरा. तबला अर्ध्या-पाऊण स्वरानं उतरला असेल तर आठही गट्टे थोडे थोडे खाली ठोका, एकच गट्टा तळापर्यंत नेऊ नका. मोठा फरक मिटला की हातोडी गजऱ्यावर आणा. वरून खाली ठोकलं की स्वर चढतो, खालून वर ठोकलं की उतरतो. पहिलं घर लावलं की त्याच्या समोरचं, म्हणजे नववं, मग पाचवं, मग तेरावं. शेजारशेजारची घरं लावत गोल फिरलात तर परत पहिल्याशी येईपर्यंत पुडी एका बाजूला ओढली गेलेली असते. हातोडीचा घाव गजऱ्याच्या वेणीवरच पडावा. वादीवर पडला तर वादी तुटते, किनारीवर पडला तर पुडी जाते.

एक तबला मूळ स्वराच्या वर-खाली अर्धा, फार तर एक स्वर हसत जातो. काळी एकचा (काळी-पांढरी ही पेटीच्या पट्ट्यांची नावं) तबला ओढून काळी तीनला नेणं हा पुड्या फाटण्याचा दुसरा मोठा रस्ता. व्यावसायिक वादकाकडे निदान दोन तबले लागतात : पुरुष गायकांसाठी पांढरी एक ते पांढरी दोनच्या टापूतला, स्त्री गायिकांसाठी काळी चार-पाचचा.

शाईतल्या बारीक भेगांना घाबरू नका, त्या मुद्दाम असतात आणि नाद त्यांच्यामुळेच मोकळा होतो. बोट टाकल्यावर कर्र असा आवाज यायला लागला आणि कण सुटायला लागले की शाई गेली असं समजा. शाईवर ओलं फडकं कधीच फिरवायचं नाही. घाम येत असेल तर बोटांना थोडी पावडर लावा, पुडीवर ओतू नका, ती भेगांत जाऊन बसते.

भजनाच्या शेवटी तिहाई घेतो. दोन मात्रांचा तुकडा, एक मात्रा थांबा, असं तीनदा. कधी समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) येते, बहुतेकदा एक मात्रा आधी संपते. लय तर पक्की आहे.
— अमळनेर

लय पक्की असेल, हिशेब चुकतोय. तिहाई समेपासून सुरू होऊन पुढच्या समेवर संपते, म्हणून मोजायच्या मात्रा आवर्तनापेक्षा एकनं जास्त. भजनी ठेका आठ मात्रांचा, तर तिहाईला नऊ हव्यात. तुकडा तीनदा येतो, मधला थांबा दोनदाच. तुमच्या तिहाईत दोन त्रिक सहा आणि थांब्याच्या दोन, एकूण आठ. शेवटचा ‘धा’ आठव्या मात्रेवर पडणारच. ‘कधी समेवर येते’ म्हणता, त्या वेळी नकळत एक मात्रा रेटली जाते, आणि टाळकरी तुम्हाला सांभाळून घेतात.

आठ मात्रांत बसणारे दोन सोपे हिशेब आहेत. तीन मात्रांचा तुकडा, थांबा नाही : ‘कत तिट धा, कत तिट धा, कत तिट धा’. तीन त्रिक नऊ. किंवा नुसता ‘धा’ आणि मध्ये तीन-तीन मात्रा रिकाम्या. खालीपासून, म्हणजे पाचव्या मात्रेपासून घ्यायची असेल तर समेपर्यंत पाच मात्रा मिळतात : धा, थांबा, धा, थांबा, धा. अभंगाच्या शेवटी ही छोटी तिहाईच जास्त शोभते.

गंमत म्हणजे तुमची आहे ती तिहाई रूपकात बिनचूक बसेल, कारण सात अधिक एक आठ. झपतालात अकरा लागतात, म्हणजे तीनचा तुकडा आणि एकचा थांबा. तीनतालात सतरा : पाचचा तुकडा, एकचा थांबा, किंवा तीनचा तुकडा आणि चारचा थांबा. नवी तिहाई हातात घेण्याआधी टाळी देत तोंडानं वीसदा म्हणा. म्हणताना चुकली नाही तर हातही सहसा चुकत नाही.

आणखी एक. बुवांनी जागा दिली नसेल तर तिहाई घेऊच नका. हिशेब बरोबर असलेली पण चरणाच्या मधोमध घुसलेली तिहाई गायकाला जास्त खटकते.

पखवाजाच्या धुमेला (डाव्या तोंडाला) लावलेली कणिक कीर्तनाच्या मध्येच सुटून पडते. किती घट्ट भिजवायची?
— साक्री

पोळीच्या कणकेपेक्षा किंचित सैल. मीठ, तेल घालू नका, तेलानं कातडं निसटतं. भिजवल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवा. कातड्याला ओलं बोट फिरवा आणि मग मधोमध तीन-चार इंचांचं गोल थापा, मध्ये जाड, कडेला पातळ. कणकेच्या वजनानं धुमेचा स्वर खाली जातो. धूम उजव्या पुडीच्या सा च्या खालच्या सा ला बोलेपर्यंत चिमूट चिमूट वाढवत न्या. जास्त झाली तर आवाज गुदमरतो. पडते ती दोन कारणांनी : कोरड्या कातड्यावर थापली म्हणून, किंवा उन्हाळ्यात पंख्याखाली वाळली म्हणून. निरूपण चालू असताना ओलं बोट फिरवत राहा. सप्ताहात दिवसाला दोन बैठका असतील तर दुसऱ्या बैठकीला नवी कणिक. वाजवून झालं की लगेच बोथट कडेनं काढून कोरड्या फडक्यानं पुसा. रात्रभर राहिली तर बुरशी येते, आणि उंदीर कणकेबरोबर कातडंही कुरतडतात.

लग्नाच्या बँडमध्ये ऑक्टोपॅड वाजवतो. अहिराणी गाण्यांच्या रेकॉर्डिंगला जायचंय. स्टुडिओवाले म्हणाले, ‘तू क्लिकवर टिकत नाहीस.’ बँड सोडून तबला शिकू का? वय २२.
— शिरपूर

बँड सोडू नका. लग्नसराईत तोच पोट भरतो. देव झोपले की सुपाऱ्या थांबतात, आषाढी ते तुळशीचं लग्न हे चार महिने हातात मोकळे असतात. शिकणं तिथे बसवा.

क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरलेल्या ठोक्यावर, न टिकण्याचं कारण समजून घ्या. वरातीत लय नाचणारे ठरवतात. ते रंगात आले की वादक वेग वाढवतो, आणि तिथे तेच बरोबर असतं. स्टुडिओत क्लिक हलत नाही, तुम्ही मात्र सवयीनं पुढे पळता. त्यामुळे क्लिकला मात्रा मोजायचं काम देऊच नका. १२० च्या लयीत केरवा वाजवायचा असेल तर क्लिक ३० वर लावा, म्हणजे ती चार मात्रांतून एकदाच येईल. मधल्या तीन मात्रा तुमच्या जबाबदारीवर. सुरुवातीला प्रत्येक क्लिक उशिरा आल्यासारखी वाटेल, म्हणजे तुम्ही पळताय. पंधरा मिनिटं, रोज, महिनाभर. त्यानंतर स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करून क्लिकशेजारी ऐका. भरणीच्या, म्हणजे फिल्स घेतानाच्या जागा सगळ्यात आधी तपासा, लय तिथेच गळते.

तबला शिका, पण तबलजी होण्यासाठी नव्हे. केरव्याची आणि दादऱ्याची पाच-पाच वळणं, ढोलकीची थाप, डफाचा आणि संबळाचा ठेका, हे हातानं वाजवता आलं की पॅडवर कुठला आवाज कुठे ठेवायचा हे आपोआप कळतं. ऑक्टोपॅडमध्ये आवाज तयार मिळतात, पण ढोलकीच्या थापेआधी बोट किती हलकं घासतं हे ज्याला माहीत नाही त्याचं पॅड नकलीच वाजतं. पॅड आठच, त्यामुळे नेहमीची गाणी ठरवून चार-पाच किट आधीच बांधून ठेवा आणि त्यांची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा लॅपटॉपवर काढून ठेवा. एका पॅडवर मारलं की शेजारचं वाजतं ही तक्रार संवेदनशीलतेच्या सेटिंगमध्ये सुटते, त्यासाठी वाद्य विकायची गरज नाही.

जनरेटरवर थेट जोडू नका. त्याचा दाब खालीवर होतो आणि अडॅप्टर जळतो. छोटा यूपीएस मध्ये घाला, जादा अडॅप्टर पिशवीत ठेवा. भुणभुण येत असेल तर मिक्सरला जोडताना मध्ये डीआय बॉक्स लावा आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा.

कानांचं आत्ताच मनावर घ्या. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांपर्यंत चालतो असं सुरक्षिततेचं माप आहे, आणि दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटंच उरतात, आणि वरातीतल्या स्पीकरच्या खोक्यासमोर आवाज याहून कमी क्वचितच असतो. वाजवून आल्यावर कानात शीळ येत असेल तर तो इशारा समजा. वादकांसाठीचे कानबोळे मिळतात. कापूस कोंबून उपयोग नाही, त्यानं वरचे स्वर जातात आणि धडधड तशीच राहते. खोक्याच्या रेषेतून तीन-चार पावलं बाजूला उभं राहिलात तरी फरक पडतो.

सुपारी घेताना वेळ लिहून घ्या. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला कायद्यानं बंदी आहे. वर्षातले ठरावीक दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देतं, पण त्यात कुणाच्या घरची हळद येत नाही. पोलीस आले की नवरदेवाचे काका निघून जातात आणि सामान वादकाचं जप्त होतं.

मुलीनं तबला वाजवावा का, असं घरी म्हणतात. शिवाय माझी बोटं लहान आहेत.
— वय १४, चोपडा

आबान मिस्त्री आणि अनुराधा पाल या तबलावादक स्त्रियांची एकल वादनं ऐका आणि घरच्यांनाही ऐकवा. बोटं लहान असणं ही अडचण नव्हे, मोठ्या तोंडाचा तबला ही अडचण. काळी चार-पाचचा, लहान तोंडाचा तबला घ्या, नाहीतरी गायिकांच्या साथीला तोच लागतो. डग्गा थोडा पुढे झुकवून जवळ ओढा, म्हणजे मनगट ताणलं जाणार नाही. अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल तर तेवढे दिवस हात थांबवा आणि पढंत, म्हणजे बोल तोंडानं म्हणणं, चालू ठेवा. दुखण्यावर वाजवत राहिलात तर आठवड्याचं काम महिन्यावर जातं.

विशारद झालो की वादक झालो का? गावात गुरू नाही, परीक्षेपुरते यावलहून जळगावला जातो.
— यावल

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, विशारद प्रथम आणि पूर्ण अशा चढत जातात, वर अलंकार. विशारदापर्यंत सात पायऱ्या. यातून अभ्यासक्रम सांभाळला जातो, तालांची नावं आणि लिपी पक्की होते, दहावीला शाळेमार्फत प्रस्ताव गेला तर वाढीव गुणही मिळतात. शिकवणी घ्यायची किंवा शाळेत लागायचं तर प्रमाणपत्र हवंच. पण साथीला कुणी बोलावतं ते प्रमाणपत्र बघून नव्हे. विशारद होऊनही विलंबित एकतालाचा ठेका दहा मिनिटं न हलता धरता न येणारे पुष्कळ आहेत, कारण परीक्षेत तेवढा वेळ कुणी ऐकत नाही.

गुरू लांब असेल तर पंधरा दिवसांतून एकदा, पण दोन-अडीच तास बसा. दर आठवड्याच्या घाईच्या अर्ध्या तासापेक्षा ते बरं. मधल्या दिवसांत गावातल्याच एखाद्या गायकाला किंवा पेटीवाल्याला धरा आणि रोज त्याला साथ करा. लेहऱ्याच्या (साथीला फिरत राहणाऱ्या धुनेच्या) ॲपवर वाजवणं वेगळं आणि श्वास घेणाऱ्या माणसाला धरून वाजवणं वेगळं. जळगावला दर जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो, तिथे वादकाच्या हातांबरोबर त्याचे डोळेही बघा. तो सतत गायकाकडे बघत असतो.

पूर्णवेळ शिकायचं तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि छत्तीसगडमधलं खैरागढचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय, तिन्हीकडे तबल्याचे अभ्यासक्रम आहेत. घरात १० ते १४ वर्षांचा भाऊ-बहीण शिकत असेल तर सीसीआरटीच्या (केंद्राच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राच्या) शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. तुमच्यासाठी केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांची शिष्यवृत्ती आहे : वय १८ ते २५, दरमहा ५००० रुपये, दोन वर्षं. त्याच्या निवडीत गुरूचं पत्र आणि प्रत्यक्ष वादन दोन्ही लागतं. कॉलेजात असाल तर आपल्या विद्यापीठाचा युवारंग हा युवक महोत्सव सोडू नका.

आमचा होळीचा ढोल आहे. शहरात कार्यक्रमाला बोलावतात, पण सभागृहात ढोल बसून जातो, आवाजच निघत नाही.
— धडगाव

गावी ढोल शेकोटीवर तापवतात, सभागृहात जाळ करू देत नाहीत, आणि वातानुकूलित हवेत कातडं सैल पडतं. ढोल दुपारी उन्हात दोन तास ठेवा. आत नेण्याआधी केस वाळवायचं यंत्र हातभर लांब धरून दोन्ही तोंडं गोल फिरवत गरम करा. एकाच जागी धरलं तर कातडं चटकतं. तुमचा क्रम येईपर्यंत ढोल पडद्यामागे जाड गोधडीत गुंडाळून ठेवा. दोन्ही तोंडांना वेगळे माइक मागा, आणि पावरीचा (फुंकून वाजवायच्या वाद्याचा) माइक ढोलापासून दूर ठेवा, नाहीतर पावरी ऐकूच येत नाही.

रात्रभर चालणारं वाजवणं मंचावर आठ-दहा मिनिटांत बसवावं लागतं. चार चाली निवडा, त्यांची तुमच्या बोलीतली नावं लिहून निवेदकाकडे द्या. तबल्याचे तुकडे त्यात घुसवू नका, तुम्हाला बोलावतात ते तुमच्या चालींसाठी. महाराष्ट्र उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र आणि नागपूरच्या दक्षिण-मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात, असा दोन्हींत येतो. पथकाचं नाव, कलाकारांची यादी, बँक खातं आणि न कापलेलं पाच मिनिटांचं चित्रीकरण घेऊन दोन्हीकडे नोंदणी करा. मानधन, प्रवास आणि जेवण हे तीन आकडे वेगवेगळे लिहून घ्या. एकच आकडा ठरला की प्रवासातच निम्मा जातो.

आकाशवाणीची ध्वनिचाचणी द्यायची आहे, आणि घरून रेकॉर्डिंग करून पाठवायचं कामही मिळतंय. दोन्हींची तयारी कशी करू? पैसे कसे मागावेत?
— जळगाव

जळगावला केंद्र आहेच, अर्ज तिथेच मिळेल. तबल्याला स्वतंत्र वादन आणि साथ दोन्हींची तयारी ठेवा. स्वतंत्र वादनात पेशकार, एक कायदा चार-पाच पलट्यांसह, रेला आणि दोन-तीन बंदिशी एवढं नीट मांडा. सगळा खजिना दहा मिनिटांत उधळणारे तिथेच अडतात. लेहऱ्याला स्वतःचा पेटीवाला न्या. श्रेणी बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा आहेत. पहिल्यांदा बी मिळाली तरी नाराज होऊ नका, पुढच्या कार्यक्रमपत्रिकांवर ती चालते.

घरच्या रेकॉर्डिंगला महागड्या माइकपेक्षा खोली महत्त्वाची. कपड्यांचं कपाट, गाद्या, भिंतीला दोन गोधड्या, पंखा आणि कूलर बंद. तबला आणि डग्ग्याला एकेक माइक, वीतभर उंचीवर, किनारीकडे रोखलेला. शाईवर सरळ रोखला तर टकटक जास्त येते. एसएम-५७ सारखा साधा माइक चालतो. आवाजाची पातळी उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह फाइल, दोन्ही माइकच्या वेगळ्या, गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून सुरू होणाऱ्या. मधूनच कापून पाठवली तर समोरच्याला जुळवत बसावं लागतं, आणि पुढचं काम दुसऱ्याला जातं. फाइलच्या नावात गाणं, वाद्य आणि लय घाला. तबला कुठल्या स्वरात लावलाय तेही कळवा.

पैसे गाण्यामागे सांगा, तासावर नको. दोन दुरुस्त्या त्याच रकमेत, तिसरीपासून वेगळे. निम्मे आधी, निम्मे फाइल पाठवण्यापूर्वी. पक्क्या फाइलआधी ऐकायला दिलेल्या नमुन्यावर मधूनमधून ‘बीप’चा आवाज टाका. मोठी संस्था दहा टक्के टीडीएस कापून देईल. उत्पन्न कमी असलं तरी विवरणपत्र भरा, कापलेले पैसे परत मिळतात. जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेल्याशिवाय लागत नाही, तेव्हा त्या नावाखाली कुणी रक्कम कापत असेल तर देऊ नका.